सहा मिनिटं बावन्न सेकंद

गुरुवार, ६ फेब्रुवारी

भोपळ्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच टोपलीत टाकणार होतास ना? थांब. भांडायला लिहीत नाहीये. निदान पहिल्या पानावर तरी नाही.

माझा नंबर तू अडवून ठेवलायस, मेल टाकली तर परत येते, म्हणून हा कागद. पत्ता तुझ्या रेकॉर्ड कंपनीतल्या बाईंनी दिला. त्यांना सांगितलं, मी त्याची सख्खी बहीण. तर त्या म्हणाल्या, "अय्या, त्यांना बहीण आहे?" घ्या. तीन वर्षांत एवढं साधलंस तू.

मी काय काम करते ते तू कधी विचारलंच नाहीस, आणि मावशीकडून कळलं असेल तर चुकीचं कळलं असेल. ती सगळ्यांना सांगते की मी रेडिओत आहे. मी गाणी ऐकवणाऱ्या कंपनीत याद्या करते. लोकांनी ॲप उघडलं की समोर तयार यादी हवी असते, ती करणारं माणूस म्हणजे मी. जॅझ आणि आधुनिक क्लासिकल दोन्ही माझ्याच गळ्यात मारलंय, कारण दोन्ही कुणालाच नको होतं. नवीन रेकॉर्ड शुक्रवारी बाहेर पडतात. बुधवारी संध्याकाळपर्यंत मी ते सगळं चाळायचं आणि कुठला तुकडा कुठल्या यादीत जाणार ते ठरवायचं. या आठवड्यात तीनशे बारा आल्या. तिघांच्या एका बँडनं रिकाम्या जलतरण तलावात बसून वाजवलंय, ड्रम एकदा वाजतो आणि सहादा ऐकू येतो. एका बाईंनी चार तंतुवाद्यवाल्यांकडून चाळीस मिनिटं फ्रिजची घरघर वाजवून घेतलीय. एक सॅक्सोफोनवाला आहे, तो श्वास कधी घेतो देव जाणे. आणि त्या सगळ्यांच्या खाली, तीनशे बारा नंबरला, तू.

चौथा तुकडा. "दुपार". अकरा मिनिटं. काय मऊ वाजवलंयस रे! पियानोच्या पट्ट्या दाबतोयस की नुसता हात फिरवतोयस तेच कळत नाही. मी तो लगेच उचलला आणि कुठे टाकला माहितीये? "गाढ झोप"मध्ये. नाक मुरडू नकोस. चाळीस लाख माणसं ती यादी लावून आडवी होतात. "शुक्रवारचा नवा जॅझ" ऐकणारे सगळे मिळून अठरा हजार, त्यातले निम्मे स्वतःच वाजवणारे, आपलं नाव आलंय का बघायला येतात. तिथे टाकलं असतं तर तुझी कॉलर ताठ झाली असती, पण ऐकलं कुणी नसतं.

आभार नकोत मला. फक्त अक्कानं माझ्यासाठी कधी बोट हलवलं नाही असं लोकांना सांगत फिरू नकोस. आई गेली त्या दुपारी तू मला साधी हाक मारली नाहीस, तरी मी हे केलं. लक्षात ठेव.

अक्का

मंगळवार, १८ फेब्रुवारी

भोपळ्या,

तुझं कार्ड मिळालं. बारा दिवस वाट बघायला लावलीस आणि लिहिलेस शब्द किती, तर तीन. "पूर्ण ऐकलंस का?" नाव नाही, सही नाही, "अक्का" तर नाहीच नाही.

हा काय प्रश्न झाला? गवंड्याला विचारतोस का कधी, बाबा, एकेक वीट हातात घेऊन बघितलीस का? अकरा वर्षं हेच करतेय मी. तीस सेकंदांत मला कळतं कुठला तुकडा काम करताना चालेल, कुठला जेवताना आणि कुठला डोळे मिटल्यावर. आणि तीस सेकंद हा काही माझा हट्ट नाही. त्याच्या आत माणूस उठून गेलं तर आमच्याकडे ते ऐकलं असं धरतच नाहीत. म्हणून तर हल्ली वाजवणारे आपलं सगळं शहाणपण पहिल्या अर्ध्या मिनिटात ओततात. तुझं मी तीसच सेकंद ऐकलं असं म्हणत नाहीये हं. उगाच शब्दात पकडू नकोस.

पहिल्या आठवड्यात सहा लाख लोकांनी तुला ऐकलं. सहा लाख! हॉटेलच्या लॉबीत तू तुझ्या त्या दोन मित्रांबरोबर वाजवायचास तेव्हा समोर सहा माणसं असायची, त्यातला एक वेटर. आमचा आकडेवाला मात्र काल कुरकुरत आला. कोण किती वेळ ऐकतं, कुठे सोडून जातं, हे बघायचं त्याचं काम. म्हणाला, "ताई, तुमच्या या पियानोवाल्याचा आलेख चमत्कारिक आहे. सातव्या मिनिटाला सगळे एकदम सोडून जातात."

मी म्हटलं, "अहो, झोपलेली माणसं सोडून कशी जातील?"

"तेच तर म्हणतोय मी."

मी त्याला हुसकून लावलं. डोक्यावर मिऱ्या वाटायला बसलेलाच असतो तो.

तू मला प्रश्न विचारतोस, तर मीही एक विचारते. आई पुढच्या खोलीत, पियानोच्या शेजारी, तुझ्या डोळ्यांसमोर गेली. मी भिंतीपलीकडे बसून ऑफिसचं काम करत होते. मधे पाच पावलं. पाच पावलांवरून तुला हाक मारता आली नाही? लोक भेटायला आले तेव्हा मी हे सगळ्यांसमोर विचारलं म्हणून तू घर सोडलंस, पियानो नेलास, बोलणं टाकलंस. पण उत्तर दिलंस का? नुसतं "मारली होती" म्हणालास आणि खाली बघत बसलास. मारली असतीस तर मला ऐकू आली असती. बहिरी नाहीये मी, कानांवरच पोट भरते.

अक्का

सोमवार, २४ फेब्रुवारी

अरे गाढवा, काय करून ठेवलंयस तू हे?

दोन हजारांच्या वर तक्रारी आल्यात. एका बाईचं तान्हं बाळ दचकून उठलं ते सकाळपर्यंत रडत होतं. एक गृहस्थ पलंगावरून पडले, मनगट मोडून घेतलं. एक दातांचे डॉक्टर दवाखान्यात "गाढ झोप" लावून ठेवतात, म्हणजे पेशंट घाबरत नाहीत. त्यांच्या पेशंटनं सातव्या मिनिटाला त्यांचं बोट कडकडून चावलं. त्यांनी फोटो जोडलाय. आता लोक मुद्दाम तुझा तुकडा लावून शेजारी झोपलेल्या नवऱ्याचं तोंड कसं होतं त्याचे व्हिडिओ टाकतायत. एका पेपरनं छापलं, जगातली सगळ्यात मोठ्या आवाजाची अंगाई. ऑफिसमध्ये मी दिसले की हसायचे थांबतात.

तू आधी सांगायचं नाहीस? त्या कार्डावर तीन शब्दांऐवजी पाच लिहिले असतेस तर हात मोडला असता का तुझा? "अक्का, पुढे मी पियानो बडवलाय." झालं असतं काम. पण नाही. तुला बघायचं होतं मी कशी तोंडावर आपटते ते.

बरं, ऐक. नव्हतं ऐकलं मी पूर्ण. तीस सेकंदही नाही, बावीस. तीनशे बारा रेकॉर्ड होत्या, पाठ धरली होती, बुधवारचे पाच वाजले होते आणि नाव वाचलं "दुपार". मला वाटलं दुपार म्हणजे वामकुक्षी. दे ढकलून झोपेच्या यादीत. तू वाजवलंयस म्हणून खरं तर सगळ्यात आधी ऐकायला हवं होतं, आणि तू वाजवलंयस म्हणूनच मी सगळ्यात शेवटी ठेवलं. यातलं तुला काय समजायचं ते समज.

तक्रारी आल्यावर तरी ऐकलं असेल, असं तुला वाटत असेल. नाही ऐकलं. आकडेवाल्यानं सांगितलं, खालच्या पट्ट्यांवर नुसतं बडवणं आहे, चार मिनिटं. म्हटलं, कळलं. मला ऐकायचं नाही.

अक्का

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

भोपळ्या,

आज जरा नीट लिहिते. गेल्या पत्रात गाढव म्हणाले ते मनावर घेऊ नकोस. लहानपणापासून म्हणत आलेय.

आमच्या मॅडमनी, म्हणजे माझ्या साहेबांनी, दोन वाटा ठेवल्यात. एक, "दुपार"ची छोटी आवृत्ती करायची. मऊ भाग ठेवायचा, बडवणं कापायचं, आणि तो तुकडा "गाढ झोप"मध्ये तसाच चालू राहील. तुझा पहिला भाग लोकांना मनापासून आवडलाय, वेड्यासारखा आवडलाय. एका आजोबांनी लिहिलंय की बायको गेल्यापासून पहिल्यांदा नीट झोपलो, फक्त पुढचं तेवढं काढा. दुसरी वाट, तुकडा उडवायचा आणि तुझ्या नावापुढे तक्रारीची खूण करायची. ती खूण लागली की वर्षभर आमची कुठलीच यादी तुला हात लावणार नाही. तुझी पुढची रेकॉर्ड कुणी काढेल का मग? तुझ्या कंपनीतल्या बाई छोट्या आवृत्तीला तयार आहेत. तुझी सही हवी.

सही कर रे. हे बघ, मी तुझ्यापुढे पदर पसरत नाहीये, मला नाही येत ते. पण एवढं ऐक. त्या बडवण्यावाचून तुझं काय अडलंय? तुमच्या संगीतात हे असतंच, ठाऊक आहे मला. कोपरांनी पट्ट्या दाबायच्या, तारांवर वाट्या ठेवायच्या, झाकण आपटायचं. आमच्या घरात दहा वर्षं तेच चाललं होतं. आई म्हणायची, "आज फर्निचर वाजवतोयस की पियानो?" समीक्षकांना आवडतं, मान्य. पण ते ऐकायला अठरा हजार, आणि हे ऐकायला चाळीस लाख. कुणीतरी वडीलधारं म्हणून सांगते, सही कर.

माझी नोकरीही यात अडकलीय, पण ते सोड.

अक्का

बुधवार, ५ मार्च

भोपळ्या,

सकाळी तुझं दुसरं कार्ड आलं. "सही केली आहे. कुठून कापायचं ते मात्र तूच ठरवायचंस. सेकंदासकट. दुसऱ्या कुणी नाही."

मला वाटलं, बरं झालं बाबा, सुटलो सगळे. मग रेकॉर्डिंग कापणारा तंत्रज्ञ कागद घेऊन आला. त्यावर चौकट होती, सुरुवात आणि शेवट. म्हणाला, "ताई, वेळ भरा, पाच मिनिटांत करून टाकतो." मी म्हटलं, आकडेवाल्याला विचार. तर म्हणाला, "तुमचंच अक्षर हवंय. वाजवणाऱ्याची तशी अट आहे." तू किती पोचलेला आहेस ते मला तेव्हा कळलं.

ऑफिसात एक ऐकायची खोली आहे, कपाटाएवढी. दुपारी तिथे जाऊन दार लावलं आणि पहिल्यापासून ऐकलं.

पहिली सहा मिनिटं मला ऐकवेनात, सांगून ठेवते. आजोबांना झोप येवो नाहीतर आणि काही, मला ते माहितीय काय आहे ते. आईला त्या शेवटच्या महिन्यात गोळ्यांनी झोप लागायची नाही, तुझ्या वाजवण्यानं लागायची. जेवण झालं की तू बसायचास आणि तिचा श्वास जसा येईल तसं वाजवायचास. तिचा अडखळला की तुझा हातही अडखळायचा. ते सगळं तसंच आहे यात. पाचव्या मिनिटापासून ते अडखळणं वाढत जातं. चाळीस लाखांतल्या कुणाला कळणार ते? मला कळलं. मी खुर्चीचा हात धरून बसले होते.

सहा मिनिटं बावन्न सेकंद. तिथे तू पहिली थाप मारतोस. एकाच हातानं. दुसरा हात कुठे होता तेही मला माहितीय. तिच्या मुठीत तुझा हात अडकला होता, मी आले तेव्हाही सुटला नव्हता, डॉक्टरांनी सोडवला. म्हणजे उठता येत नव्हतं तुला. मग उजव्या हातानं तू बडवत राहिलास. आकडेवाला म्हणतो नुसतं बडवणं आहे. आकडेवाल्याच्या कानात बोळे आहेत. तू मधेच थांबतोस. दोन सेकंद, कधी तीन. मग पुन्हा आधीपेक्षा जोरात. तू दार उघडतंय का ते बघायला थांबत होतास, हो ना? चार मिनिटं. मी मोजलं, तू एकोणीस वेळा थांबलायस.

तर ही तुझी हाक. मारली होतीस. बरोबर होतं तुझं. मी चारचौघांत तुला खोटं पाडलं ते चुकलं माझं, लेखी देते. पण भोपळ्या, मला कसं कळणार होतं? कानांवर हेडफोन होते रे, बाहेरचा आवाज आत येऊच न देणारे, कंपनीनं दिलेले; ओरडून उपयोग नाही म्हणूनच तू पट्ट्या बडवल्यास ना? दार बंद. बुधवार होता. मला खरंच काही ऐकू आलं नाही.

चौकट मी कोरीच ठेवलीय. उद्या बघते.

अक्का

गुरुवार, ६ मार्च

भोपळ्या,

कालचं पत्र पेटीत टाकून आले आणि सकाळपासून मला अन्न गोड लागत नाहीये. हे लगेच पाठवते. शक्य असेल तर कालच्याच्या आधी हे वाच.

आधी कामाचं. मी तुझा तुकडा कापला नाही. "गाढ झोप"मधून काढून टाकला, अख्खाच्या अख्खा, आणि शेऱ्यात लिहिलं की चूक यादी करणारीची आहे, तिनं ऐकलं नव्हतं. त्यामुळे तुझ्या नावापुढे खूण लागणार नाही. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही हे लेखी देताय, कळतंय ना?" मी म्हटलं, कळतंय. सोमवारपासून मला जाहिरातींच्या मागे वाजणारं संगीत निवडायला बसवलंय. साबण आणि गाद्या. चल, तेही कुणीतरी करतंच.

शेरा लिहिताना तुझ्या रेकॉर्डबरोबरचा माहितीचा कागद उघडावा लागला. प्रत्येक रेकॉर्डबरोबर असा एक येतो, वाजवणाऱ्यानं स्वतः लिहिलेला, आणि आम्ही कुणी तो वाचत नाही. "दुपार"खाली तू चार ओळी लिहिल्यायस. शेवटची अशी: "शेजारच्या खोलीत माझी बहीण होती. तिच्या कानांवर हेडफोन होते, तिला ऐकू गेलं नाही, यात तिचा काही दोष नाही."

हे वाचून बरं वाटायला हवं होतं ना मला? तीन वर्षं बोलत नाहीस, आणि मनातल्या मनात मला मोकळं सोडून बसलायस. इतका चांगला कशाला झालास रे? शिव्या दिल्या असत्यास तर मी तुला दोन जास्त दिल्या असत्या आणि जन्मभर रेटून नेलं असतं. या वाक्यापुढे मला रेटता येत नाही.

ते हेडफोन आवाज अडवतात, पण सगळा नाही. खालच्या पट्ट्यांचा आवाज भिंतीतून येतो, टेबलातून येतो, कोपरांना लागतो. माझ्या कपातला चहा हलत होता. मी म्हटलं, झालं याचं सुरू. आई झोपली वाटतं, आता हा आपलं कोपरांनी बडवायचं काम करतोय. मधे तू थांबायचास तेव्हा मला वाटायचं, संपलं एकदाचं. मग पुन्हा सुरू. मला तुझा राग आला. तुला आईजवळ बसायला सवड आणि वर रियाजही, आणि मी बुधवारच्या गठ्ठ्यात मान मोडून बसलेली. मी आवाज वाढवला. माझ्या कानातला. आणखी थोडा वाढवला, आणि काम संपवलं.

पाऊण तासानं पाणी प्यायला बाहेर आले, आणि तुझा हात तिच्या मुठीत बघितला. त्याच क्षणी मला कळलं मघाशी काय चाललं होतं ते. तुला आठवतं, मी आईकडे गेलेसुद्धा नाही, आधी तुझ्यावर ओरडले, "मला हाक का नाही मारलीस?" तू काही बोलायच्या आत ओरडले. तुला बोलू द्यायचं नव्हतं मला. मग ते लोकांसमोर म्हटलं, मावशीसमोर म्हटलं, इतक्यांदा म्हटलं की मधे मधे माझाच विश्वास बसायचा. कालच्या पत्रात पुन्हा तेच केलं, तेही अख्खं ऐकून आल्यावर.

मावशीला आज फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्याला सांगू नकोस. मरेल तो." मी म्हटलं, सांगणार. ती म्हणाली, "मग मला पुन्हा फोन करू नकोस."

तू माफ कर म्हणून लिहीत नाहीये. नको करूस. मला शोभणारही नाही ते. एकच काम कर. त्या कागदावरची शेवटची ओळ तुझ्या कंपनीतल्या बाईंना सांगून बदलून घे. लोक वाचोत न वाचोत, पण तुझ्या नावाखाली खोटं नको. तिला ऐकू गेलं होतं.

अक्का